बातमीत संकेतस्थळाचा उल्लेख असेल, तर दुवाही द्यावा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

‘शेकडो बॅकलिंक अल्प दरात, गूगलवर पहिल्या पानाची हमी’ अशा जाहिरातींना भुलून आमच्या सांगली भागातले कितीतरी लहान व्यावसायिक पैसे घालवत आहेत, म्हणून हे पत्र.

दुसऱ्या संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणाऱ्या दुव्यांना (लिंकना), म्हणजेच बॅकलिंकना, शोधयंत्राच्या लेखी महत्त्व आहे, हे खरेच आहे. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’ या पानांचे महत्त्व ठरवण्याच्या पद्धतीचा पायाच तो होता. मात्र त्याच पद्धतीत दुवा देणाऱ्या पानाचे स्वतःचे वजन किती आणि ते किती दुव्यांत वाटले जाते, याचाही हिशेब होता. त्यामुळे कोणीही न वाचणाऱ्या पानांवरचे ढीगभर दुवे आणि एखाद्या विद्यापीठाने किंवा वृत्तपत्राने दिलेला एक दुवा यांची बरोबरी होत नाही. विकतच्या दुव्यांच्या जोरावर वर आलेल्या जेसीपेनी या बड्या अमेरिकी कंपनीला तो प्रकार उघडकीस येताच २०११ मध्ये गूगलने शोधनिकालांत खूप खाली ढकलले, आणि पुढच्याच वर्षी गूगलच्या क्रमवारीच्या पद्धतीतील ‘पेंग्विन’ या बदलाने अशा असंख्य संकेतस्थळांची तीच गत झाली. आता असे दुवे बहुधा मोजलेच जात नाहीत, म्हणजे व्यापाऱ्याचे पैसे पाण्यात जातात.

टिकाऊ दुवा मिळतो तो इतरांना उपयोगी पडेल असे काही आपल्या पानावर असल्यामुळे. हळदीच्या व्यापाऱ्याने केवळ दरपत्रक न टाकता हरिपूरच्या पेवांची माहिती द्यावी, जमिनीखाली हळद कशी साठवली जाई, २००५ च्या महापुरात त्या पेवांचे काय झाले, हे छायाचित्रांसह नीट लिहावे. कृषी महाविद्यालयातला विद्यार्थी, पर्यटनावर लिहिणारा लेखक, पाककृती देणारी गृहिणी यांना मग त्या पानाचा संदर्भ द्यावासा वाटेल. याला वेळ लागतो, आणि हमी देणारे लोक नेमके हेच सांगत नाहीत.

येथे मराठी वृत्तपत्रांचा संबंध येतो. आपल्या डिजिटल आवृत्त्यांत स्थानिक संस्थांच्या, अभ्यासकांच्या कामाची दखल अगत्याने घेतली जाते. परंतु ज्या पानावरून माहिती घेतली, त्याचा दुवा क्वचितच असतो आणि असलेले बहुतेक दुवे त्याच वृत्तपत्राच्या जुन्या बातम्यांकडे जातात. वाचकाला मूळ मजकूर पडताळता येत नाही, आणि ज्याने तो कष्टाने तयार केला, त्याला शोधयंत्राच्या लेखी श्रेयही मिळत नाही. मराठीत मुळात संदर्भयोग्य संकेतस्थळे थोडी असताना हे नुकसान मोठे आहे.

तेव्हा बातमीत संकेतस्थळाचा उल्लेख आल्यास मूळ पानाचा दुवा द्यावा, आणि पैसे घेऊन छापलेल्या मजकुरातील दुव्यांना गूगलने २०१९ मध्ये सुचवलेली ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण न चुकता लावावी, असा नियम आपण आपल्या डिजिटल विभागाला घालून द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली