निवड चाचणीची तारीख आधी छापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागं क्रीडा पानावर मणिपूरच्या सुशीला देवी लिकमाबमबद्दल आलं होतं, वाचून लई बरं वाटलं, कारण ज्युदोला आपल्याकडं जागाच मिळत नाही. पण घरातच खेळ असल्यानं ज्युदो तिच्या रक्तात होता असं त्यात म्हटलंय, ते काही पटलं नाही बघा. तिचे काका दिनित स्वतः आंतरराष्ट्रीय ज्युदो खेळलेले, भाऊ सिलाक्षी पण ज्युदोवालाच, आणि 2002 साली काकांनीच तिला इम्फाळच्या खुमान लंपक क्रीडा संकुलात नेलं, तेव्हा ती जेमतेम सात वर्षांची. म्हणजे रक्ताचं काही नाही, कुठं जायचं, कुणाला भेटायचं हे घरात आधीच माहीत होतं. ह्याचा फायदा केवढा असतो ते खेळाडू नसलेल्या घरातल्या आईबापाला विचारा.

पुढचं सगळं मात्र तिचं स्वतःचं. 2014 ला ग्लासगोच्या राष्ट्रकुलमधे 48 किलोत रौप्य, नंतर हॅमस्ट्रिंगच्या (मांडीच्या मागच्या स्नायूच्या) दुखापतीनं 2018 च्या आशियाई स्पर्धा हुकल्या, बाहेरच्या स्पर्धांच्या खर्चासाठी स्वतःची कार विकली, आणि तरी टोकियो ऑलिम्पिकला भारताकडून ज्युदोत ती एकटीच होती. तिथं पहिल्याच फेरीत हंगेरीच्या चेर्नोविच्कीकडून हरली तर आपल्याकडं बातमी काय, तर सुशीला पराभूत, संपलं. अहो समोरची लंडन ऑलिम्पिकची कांस्यवाली होती, हे तरी लिहायचं ना! 2022 ला बर्मिंगहॅमला परत फायनल, दक्षिण आफ्रिकेच्या व्हाइटबोईशी चार मिनिटांत निकाल नाही, लढत गोल्डन स्कोअरमधे, म्हणजे जादा वेळेत गेली आणि थोडक्यात सोनं हुकलं. आठ वर्षांनी त्याच वजनात परत रौप्य, मधे एवढी दुखापत होऊन! मला तर हे पहिल्या मेडलपेक्षा मोठं वाटतं.

आपल्या मराठवाड्यात पण हेच दिसतं. पाटोद्याच्या राहुल आवारेचे वडील पैलवान, पहिले धडे घरीच, मग पुण्यात वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार मामांची तालीम, नंतर प्रशिक्षक काका पवार, आणि 2018 ला राष्ट्रकुलचं सोनं. पैलवानाच्या घराला वाट माहीत असते.

आता ज्याच्या घरात कुणीच खेळलं नाही त्या लेकराचं काय? आमच्या गल्लीतली एक पोरगी दोन वर्षं ज्युदो करायलीय, ताकद आहे, पकड चांगली आहे, बाप हमाली करतो. जिल्ह्याची निवड चाचणी होऊन गेल्यावर त्यांना कळालं, तेही पेपरात जिंकलेल्या पोरांचा फोटो बघून. पोरगी दोन दिवस जेवली नाही. 17 वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं, ते आता परत येत नाही. शाळेत खेळाचे सर असते तर त्यांनी सांगितलं असतं, पण ती जागा कधीची रिकामी आहे.

म्हणून विनंती एवढीच, की जिल्हा पानावर ज्युदो, कुस्ती, खो-खो, जे असेल त्याच्या निवड चाचणीची तारीख, ठिकाण, वयोगट, कोणते कागद लागतात हे निदान आठ दिवस आधी छापा. चार ओळींची जागा लागते. जिंकलेल्यांचा फोटो नंतर छापालच, तो पण छापा, पण आधी तारीख.

आपली नियमित वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड