रेकॉर्डिंगची सोय असलेल्या सेट-टॉप बॉक्सबाबत तक्रार

दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : खोक्यावर छापलेल्या माहितीप्रमाणे रेकॉर्डिंग न होणे आणि बॉक्स बदलून दिल्यानंतर जुनी रेकॉर्डिंग न उघडणे.

महोदय / महोदया,

मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी असून, १२ एप्रिल २०२५ रोजी जळगाव येथील आपल्या विक्रेत्याकडून यूएसबी रेकॉर्डिंगची सोय असलेला, मासिक शुल्काविना चालणारा सेट-टॉप बॉक्स १,६५० रुपयांस विकत घेतला. विक्रेत्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. खोक्यावर जे छापलेले होते तेच त्याने मला वाचून दाखवले. तक्रार आहे ती त्या छापलेल्या मजकुराविषयी आणि त्यानंतर आपल्या विभागाने दिलेल्या उत्तरांविषयी.

हा बॉक्स मी घाईने घेतलेला नाही, हे आधी सांगणे आवश्यक वाटते. शेतीपंपाची वीज आमच्याकडे आलटूनपालटून दिवसा आणि रात्री येते, त्यामुळे रात्रपाळीच्या आठवड्यात मी मोटारीवर असतो आणि संध्याकाळचे शेतीविषयक कार्यक्रम हुकतात. घरात आईला तिच्या सोयीच्या वेळी कीर्तन पाहायचे असते. एवढ्यासाठी टीव्ही रेकॉर्ड करण्याची साधी व्यवस्था हवी होती. पुतण्याने जुन्या संगणकात टीव्हीचे प्रक्षेपण पकडणारे ट्यूनर कार्ड बसवण्याचे सुचवले. परंतु सत्तर-ऐंशी वॅट खाणारा संगणक रात्रभर इन्व्हर्टरवर चालवला, तर पहाटेपर्यंत पंख्यासाठी बॅटरी उरणार नाही, आणि मे महिन्यातल्या आमच्याकडच्या उन्हाळ्यात पंखा हा चैनीचा विषय नसतो. तळहाताएवढा लहान संगणक आणून त्यावर मोफत प्रणाली घालण्याचा पर्यायही त्याने समजावून सांगितला. त्याला वीज फार कमी लागते हे खरे, पण ट्यूनर वेगळा घ्यावा लागतो, आणि पुतण्या पुण्याला परत गेल्यावर त्यात काही बिघडले तर गावात ते कोणी सुधारणार नाही. मासिक वर्गणीच्या सेवेचा रेकॉर्डर घेतला, तर वर्गणी थांबताच रेकॉर्डिंगचाही उपयोग संपण्याची शक्यता होती. म्हणून सर्वांत साधी वस्तू निवडली : छत्री, बॉक्स आणि त्याला लावलेली डिस्क. आजही मला ती निवड चुकीची वाटत नाही.

आपल्या खोक्यावर ‘१ टीबीपर्यंतची कोणतीही हार्ड डिस्क चालते’ असे ठळक छापलेले आहे. त्यावर विश्वास ठेवून मी ४,२०० रुपयांची १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. ती बॉक्सला लावताच टकटक आवाज करी, दिवा लुकलुके आणि पडद्यावर ‘उपकरण आढळले नाही’ असे येई. ग्राहक सेवेला फोन केला असता, छत्रीची दिशा चुकली असावी, असे सांगण्यात आले. डीडी फ्री डिशचे प्रक्षेपण ज्या उपग्रहावरून होते तो ९३.५ अंश पूर्वेला असल्याने आमच्या गावातून छत्री आग्नेयेकडे तोंड करून असावी लागते आणि ती तशीच आहे. सर्व वाहिन्या स्वच्छ दिसत होत्या. छत्रीचा आणि यूएसबीला लावलेल्या डिस्कचा संबंध काय, हे विचारल्यावर फोन ठेवण्यात आला.

खरे कारण गावातल्या मोबाइल दुरुस्ती करणाऱ्या मुलाने पाच मिनिटांत सांगितले. यूएसबी २.० प्रकारच्या पोर्टमधून प्रमाणकानुसार ५०० मिलीअँपिअर प्रवाह मिळतो, आणि अशा डिस्कला फिरायला सुरुवात करताना त्याहून अधिक प्रवाह लागू शकतो. त्याने वेगळ्या अडॅप्टरवर चालणारा यूएसबी हब मधे जोडून दाखवला आणि तीच डिस्क लगेच ओळखली गेली. म्हणजे ‘स्वतंत्र वीजपुरवठा असलेली डिस्क वापरावी’ ही एक ओळ खोक्यावर असती, तर माझे पैसे आणि तीन आठवडे दोन्ही वाचले असते. हब सतत चालू ठेवणे इन्व्हर्टरवर परवडत नसल्याने मी ती डिस्क हिशेबाच्या संगणकाला लावली आणि बॉक्ससाठी ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला. डिस्क अन्यत्र उपयोगात आहे, तेव्हा तिची किंमत मी आपल्याकडे मागत नाही.

त्यानंतरची अडचण मात्र अधिक गंभीर आहे. माझी आई पूर्वी मुक्ताईनगरहून निघणाऱ्या संत मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जात असे. गुडघ्यांमुळे आता तिचे जाणे थांबले आहे. ६ जुलै रोजी आषाढी एकादशीच्या पहाटेचे प्रक्षेपण तिला दिवसा सावकाश पाहता यावे, म्हणून मी २ ते ६ असा चार तासांचा टायमर लावला. रेकॉर्डिंग ५ वाजून ६ मिनिटांनी कोणतीही सूचना न देता बंद पडले, त्या वेळी पेनड्राइव्हवर ५० जीबीहून अधिक जागा रिकामी होती. फाइलचा आकार पाहिला तेव्हा तो बरोबर ४ जीबीला जाऊन थांबलेला दिसला. आपला बॉक्स फक्त फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह स्वीकारतो आणि त्या पद्धतीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. त्या वाहिनीचे रेकॉर्डिंग तासाला साधारण १.४ जीबी जागा घेत असल्याने तीन तासांनंतर ते थांबणे ठरलेलेच होते. मर्यादा जवळ येताच पुढची फाइल आपोआप सुरू करणे ही बॉक्सच्या प्रणालीत करता येण्याजोगी गोष्ट आहे. ते करायचे नव्हते, तर निदान ‘सलग सुमारे तीन तास’ एवढे तरी छापायला हवे होते. खोक्यावर मात्र ‘शेकडो तासांचे रेकॉर्डिंग’ असे लिहिलेले आहे.

वीज जाऊन आल्यावर लावलेले टायमर पुसले जातात, ही तक्रार मी १० जुलैच्या ईमेलमध्ये केलीच आहे. त्यावर ‘बॉक्स रीसेट करावा’ असे उत्तर आले. रीसेट केल्यावरही टायमर पुसले जातात, हे मी येथे पुन्हा लिहीत नाही.

२४ जुलै रोजी बॉक्स पूर्णपणे बंद पडला. आपण तो हमीच्या मुदतीत २८ जुलै रोजी बदलून दिला, याबद्दल आभारी आहे. परंतु नव्या बॉक्सला तोच पेनड्राइव्ह लावल्यावर ‘ही रेकॉर्डिंग अन्य उपकरणावरील आहेत’ असा संदेश येतो आणि एकही फाइल उघडत नाही. खोक्यावर ‘संगणकावरही पाहा’ असे छापलेले असूनही संगणकावर त्या उघडत नाहीत. म्हणजे आपण रेकॉर्डिंगला बॉक्सचे कुलूप लावता, बिघडलेला बॉक्स स्वतःकडे परत घेता आणि त्याबरोबर किल्लीही घेऊन जाता. बदलीच्या वेळी आलेल्या तंत्रज्ञाला याची कल्पना नव्हती. तो मला नम्रपणे ‘भाऊ, मलाही आजच कळतंय’ असे म्हणाला आणि मी त्याला दोष देत नाही. एकादशीच्या त्या अपुऱ्या रेकॉर्डिंगमध्ये आमच्या दिंडीतले दोन ओळखीचे वारकरी क्षणभर दिसतात, असे आई सांगत असे. तिने ते दोनदा पाहिले होते.

या परिस्थितीत माझी मागणी अशी आहे की, आपल्याकडे जमा असलेला माझा जुना बॉक्स, ज्याचा क्रमांक सोबतच्या बदली पावतीवर आहे, नष्ट न करता त्याच्या आधारे माझी रेकॉर्डिंग उघडून द्यावीत. फाइल आपोआप विभागणारी आणि टायमर जपणारी सुधारित प्रणाली नव्या बॉक्ससाठी द्यावी, अन्यथा बॉक्स परत घेऊन १,६५० रुपये परत करावेत. आणि खोक्यावरील मजकूर दुरुस्त करावा. तिसऱ्या मागणीतून मला स्वतःला काही मिळणार नाही, परंतु पुढचा ग्राहक तोच मजकूर वाचून डिस्क विकत घेणार आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जळगाव येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवरून तक्रार दाखल करीन. ग्राहकाला तो जेथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या लहान रकमेसाठी शुल्कही लागत नाही, याची मी चौकशी केलेली आहे.

सोबत बिलाची प्रत, बदली पावती, खोक्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे आणि आपल्या ईमेलची प्रत जोडली आहे. पेनड्राइव्ह मी पाठवत नाही. आपला तंत्रज्ञ घरी येईल तेव्हा त्याच्यासमोर तो लावून दाखवीन. या आठवड्यात रात्रीची वीज असल्याने त्याने सकाळी ११ नंतर यावे.

आपला ग्राहक,
(बिलावरील नावाप्रमाणे)
ता. रावेर, जि. जळगाव