नकाशावरची तुटक रेषा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या आई-वडिलांनी काय पाहावं, यावर आपल्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. लंडनचा राजवाडा, नदीकाठचा मोठा पाळणा, संग्रहालयं, सगळं त्यात आहे. एक भर घालावीशी वाटते. एक दिवस पायी चालण्यासाठी ठेवा, आणि जमलं तर तो यॉर्कशायरमधल्या मॅलम गावाला द्या.

मी वणीला एकतीस वर्षं भूगोल शिकवला. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि चुनखडी विरघळवतं, हे दर वर्षी फळ्यावर लिहायचे. आमच्या भागात चुनखडी भरपूर; पण राजूरचे चुनाभट्टे आणि कोरपना-गडचांदूरकडचे सिमेंटचे कारखाने, एवढीच तिची आमच्या मुलांना ओळख. विरघळलेली चुनखडी मी स्वतः पाहिली ती वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, गेल्या मे महिन्यात, लीड्सला लेकीकडे गेले तेव्हा.

मॅलम हे ओढ्याच्या दोन्ही काठांवर वसलेलं जुनं दगडी गाव. मध्ययुगात इथल्या जमिनी दोन मठांच्या ताब्यात होत्या, आणि त्यांच्या मेंढ्या याच डोंगरांवर चरत. गावातून जॅनेट्स फॉस हा धबधबा, गॉर्डेल स्कार ही घळ आणि मॅलम कोव्ह हा कडा करून परत यायला साधारण आठ किलोमीटर चालावं लागतं. लेक, जावई आणि मी, आम्हाला पाच तास लागले. माझे गुडघे दुखरे आहेत, तरी झालं.

जॅनेट्स फॉसकडे जाताना झाडीत रानलसूण फुलली होती, अख्ख्या वाटेला तिचा वास. धबधबा लहानसा, पण पाण्यातला चुना साचून साचून कड्यावर पडद्यासारखा थर झालेला आहे. खालच्या डोहात पूर्वी लोकर कातरण्याआधी मेंढ्या धूत. गॉर्डेलला दोन्ही बाजूंचे उंच कडे डोक्यावर झुकतात. तिथून वर जायला धबधब्यालगतचा खडक चढावा लागतो. आम्ही तो नाद सोडला, थोडं मागे येऊन कुरणांतून कोव्हच्या माथ्यावर गेलो.

त्या माथ्यावर मी अर्धा तास बसून होते. पांढुरक्या दगडाची फरसबंदी, आणि तिच्यात आडव्याउभ्या खोल भेगा. दगडाच्या लादीला तिथे क्लिंट म्हणतात, भेगेला ग्राइक. एका भेगेत काठी घातली, मुठीपर्यंत आत गेली. वर वारा आणि मेंढ्या, त्यामुळे झाड टिकत नाही. पण भेगांच्या ओलाव्यात जिभेसारख्या लांब पानांचे नेचे हिरवेगार. मी वर्गात काढायचे ती आकृती किती कोरडी होती, ते तिथे कळलं.

कोव्ह म्हणजे सुमारे ऐंशी मीटर उंचीचा कमानदार कडा. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यावरून कोसळायचं. आता कडा कोरडा असतो. डिसेंबर २०१५ च्या वादळी पावसात मात्र काही काळ धबधबा पुन्हा पडला. एरवी पाणी जमिनीखालून जातं. वरच्या मॅलम टार्न तलावातून निघणारा ओढा थोडं अंतर वाहून जमिनीत गडप होतो. कोणालाही वाटेल, तोच कोव्हच्या पायथ्याशी बाहेर येतो. पण पाण्यात रंग टाकून केलेल्या चाचण्यांत दिसलं की ते बरंचसं गावाच्या दक्षिणेला, एअर हेडच्या झऱ्यांत निघतं. तीच एअर नदी पुढे लीड्समधून वाहते. लेकीच्या घराजवळच्या पुलावरून मी रोज ती पाहत होते.

आता खरं सांगायचं ते. ही सगळी वाट शेतकऱ्यांच्या कुरणांतून जाते. चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या दगडी भिंती, आणि त्यांत माणसाला ओलांडता येईल पण मेंढीला येणार नाही अशा पायऱ्या. एका कुरणात मालक भेटला. आम्ही जरा बिचकलो; त्याने हात केला आणि फाटक नीट लावा एवढंच सांगितलं. जावयाने नकाशा दाखवला: हिरवी तुटक रेषा म्हणजे पायवाटेचा हक्क. हा हक्क आयता मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ ला इंग्लंडमधल्याच किंडर स्काउट या पठारावरच्या खासगी माळावर शेकडो माणसं मुद्दाम चालत गेली, पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्याने पायवाटांची अधिकृत नोंद सुरू झाली. आणि २४ एप्रिल १९६५ ला सुमारे ४३० किलोमीटरच्या पेनाइन वे या वाटेचं उद्घाटन झालं ते मॅलमच्याच माळावर.

तुटक रेषा आपल्याही गावनकाशात आहेत. माझ्या माहेरी गावापासून नदीपर्यंत पांदण होती. आम्ही बहिणी तिने डबा घेऊन वावरात जायचो. आज दोन्ही बाजूंचे धुरे सरकत सरकत मध्ये आले आहेत, उरल्या जागेत बाभळी आणि चिखल. नकाशावर ती अजून आहे, जमिनीवर नाही. शेताच्या बांधावरून वाट मागायला जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. पण भांडण नको म्हणून कोणी अर्ज करत नाही, आणि म्हातारी माणसं, शाळेची मुलं डांबरी रस्त्याच्या कडेने ट्रक चुकवत चालतात.

माझी विनंती अशी, की पर्यटनाच्या पानावर दर आठवड्याला एका गावच्या पायवाटेला जागा द्यावी. वाचकांनी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढावा, वाट स्वतः चालून पाहावी, कुठे अडते ते लिहावं. माझ्या माहेरचा नकाशा मी काढून ठेवला आहे. आपण सांगाल तेव्हा पाठवते.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
वणी, जि. यवतमाळ