देवराईचे शेंडे पाहायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात आलात, तेव्हा देवळाभोवती पेव्हर ब्लॉक बसवायचं जवळजवळ ठरलं होतं. मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढली होती. शिमग्यात पालखी नाचते तेव्हा धूळ उडते, ही त्यांची तक्रारही खरीच होती.

तुम्ही कोणाला नावं ठेवली नाहीत. गुरवकाकांना विचारून, चपला बाहेर काढून देवळाभोवतीच्या देवराईत आलात आणि जुन्या बेहड्याखाली उभं राहून आम्हाला वर बघायला सांगितलंत. दसरा नुकताच झालेला, पानं भरात असायचे दिवस, आणि शेंड्यातून लख्ख आभाळ दिसत होतं. वरच्या फांद्या वाळलेल्या. भक्तनिवासाचं सिमेंटचं अंगण ज्या बाजूला, त्याच बाजूला जास्त.

मग तुम्ही युरोपातल्या बीच वृक्षांबद्दल सांगितलंत. 2018 च्या कोरड्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या कितीतरी बीच वृक्षांची पानं ऐन ऑगस्टमध्ये पिवळी पडून गळाली. बरीच झाडं त्या वर्षी तगली, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांचे शेंडे वाळत गेले. सालही पातळ, त्यामुळे आडोसा गेला की उन्हानं भाजते. हे तिथं नीट नोंदलं गेलं, कारण 1980 च्या दशकापासून तिथले लोक ठरावीक झाडांपाशी दरवर्षी जाऊन, पानोरा किती विरळ झाला ते लिहून ठेवतात. आमच्या राईला शेकडो वर्षांची म्हणतात, पण तिच्या तब्येतीची एक ओळ कुठे लिहिलेली नव्हती.

पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात, हे तुम्ही पालापाचोळा बाजूला सारून दाखवलंत. आमच्याकडे जांभ्यावर माती आधीच पातळ. त्यावर सिमेंट पडलं की पाणी वाहून जातं, मुळांना हवा मिळत नाही, आणि झाड मरायला इतका काळ घेतं की दोष कोणाला द्यायचा तेही कळत नाही.

गावकीच्या बैठकीत तुम्ही फार बोलला नाहीत. बोलले ते आमचे थोरले मानकरी. “राईत कोयती चालत नाही, मग मुळांवर सिमेंट कसं चालतं?” त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. आता पालखीच्या वाटेपुरते चिरे बसवलेत, तेही सांधे न भरता. पाला जाळणं बंद झालं. एका कोपऱ्याला गुरं आत शिरू नयेत म्हणून दगडांचा गडगा घातला, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठं काम तेच झालं. म्हातारी झाडं होती, पोरं नव्हती. आता तिथं सातवीण आणि काजऱ्याची रोपं दिसतात.

बेहडा काही सावरलेला नाही. त्याच्या ढोलीत ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, घर करतात, म्हणून वाळला तरी तोडायचा नाही, असं बैठकीत ठरवून घेतलंय. शाळेतल्या मुलांनी झाडांना क्रमांक दिलेत, वही गुरवकाकांकडे असते.

तुम्ही दिलेल्या वेळाबद्दल, आणि आम्हाला शहाणपण न शिकवता आमच्याबरोबर मान वर करून उभे राहिलात त्याबद्दल, सगळ्या गावातर्फे मनापासून आभार. यंदा दसऱ्यानंतरच्या पाहणीला या. मुक्काम आमच्याकडेच करायचा.

आपला,
राईलगतच्या वाडीतला एक गावकरी