कॉन्सर्ट संपल्यावर घरी जायचे कसे?

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१९ मध्ये ‘यू टू’ आणि २०२५ मध्ये ‘कोल्डप्ले’ हे परदेशी रॉक बँड वाजवून गेले, याचा आम्हा ठाणेकर रॉकप्रेमींना मनापासून आनंद आहे. मित्रमंडळींसोबत गर्दीत उभे राहायचे, ड्रमचा ठोका थेट छातीत जाणवायचा, शेजारच्या अनोळखी माणसाच्या सुरात सूर मिसळून घसा बसेपर्यंत गायचे. हे सुख हेडफोन लावून मिळत नाही.

अलीकडे नवी मुंबईतल्याच एका कॉन्सर्टहून परतताना मात्र अतोनात हाल झाले. प्रवेशद्वारावर पाण्याच्या बाटल्या काढून घेतल्या आणि आत पाण्यासाठी ही भली मोठी रांग! बाहेर पडायची वाट इतकी चिंचोळी, की आमची एक मैत्रीण घाबरीघुबरी झाली. चौघांनी तिच्याभोवती कडे करून तिला बाहेर काढले. रस्त्यावर रिक्षावाले मीटर टाकायला तयार नव्हते.

उघड्यावरचे ध्वनिक्षेपक एरवी रात्री दहाला बंद करावेच लागतात. म्हणजे हजारोंची गर्दी कधी बाहेर पडणार, हे सर्वांना आधीच ठाऊक असते. मग त्या रात्री ट्रान्स हार्बर मार्गावर ठाण्यासाठी दोन-तीन जादा लोकल आणि नवी मुंबई व ठाण्याच्या पालिका परिवहन सेवांच्या (एनएमएमटी, टीएमटी) जादा बस का सोडू नयेत? हजारो रुपयांचे तिकीट विकणाऱ्या आयोजकांना मोफत पिण्याचे पाणी आणि पुरेशा रुंद वाटा ठेवण्याची अट परवानगी देतानाच घालावी. आणि ती पाळली जाते की नाही, हे कार्यक्रमाच्या दिवशी जागेवर जाऊन तपासावे.

– एक रॉकप्रेमी वाचक, ठाणे