पन्नाशीच्या यादीला वेळापत्रक लावून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, चहा टाकतेस का?" म्हणून विषय कापता. म्हणून हे चार लोकांत लिहितेय. आता चहा मागून सुटका नाही.

2022 च्या दिवाळीत मी ती यादी केली. पन्नाशीच्या आत पन्नास गोष्टी, मुदत डिसेंबर 2025, म्हणजे माझा वाढदिवस. तुमच्यापर्यंत येईतो ती सगळ्या घराला दाखवून झाली होती. लेकाने जॉन गोडार्डचं उदाहरण काढून दिलं होतं: अमेरिकेतला हा मुलगा 1940 साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, आयुष्यात करायच्या 127 गोष्टी लिहून काढतो आणि पुढे त्यातल्या शंभरावर करूनही दाखवतो. ते ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "तो पंधराचा होता. तुझ्याकडे तीन वर्षं, त्यात नोकरी. आण इकडे."

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभी हयात घालवलेला माणूस यादी कशी वाचतो ते त्या दिवशी बघितलं. मी प्रवास, तब्येत, वाचन, घर असे छान मथळे पाडले होते, रंगीत पेनने. तुम्ही त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीत. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलंत, पट्टीने आडवे महिने आखलेत आणि एकेक गोष्ट उचलून रकान्यात टाकायला लागलात. काजवे मेच्या अखेरीला, पाऊस लागायच्या आत. कासची फुलं सप्टेंबरात, तीही शनिवार-रविवार सोडून. वेळासला कासवाची पिल्लं फेब्रुवारीच्या शेवटापासून पुढे. "हे काय तुझ्या सुट्ट्या बघून यायचे नाहीत," म्हणालात. माझ्या यादीत नेमकं हेच नव्हतं. मला काय हवंय ते होतं, ते कधी मिळतं ते नव्हतं.

मग रूट. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, सांदण दरी आणि काजवे मी चार वेगवेगळ्या सहली म्हणून लिहिले होते. तुम्ही चारहींना एकाच कंसात घातलंत. "अगं, सगळं एका अकोले तालुक्यात आहे. चारदा कशाला हेलपाटे?" सांदण काजव्यांबरोबर उरकायची, कारण पाऊस पडला की त्या दरीत उतरायचं नाही, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड हिवाळ्यात. पुढे 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा माझ्या आधी तुम्हीच वर येऊन सांगितलंत आणि गाडीने जायचे ठरलेले दोन बेत परस्पर लाल डब्याने करून टाकलेत.

वेरूळ-अजिंठ्याचा हिशेब तर मी ऑफिसात सगळ्यांना सांगते. मी शनिवार-रविवार धरून ठेवला होता. तुम्ही म्हणालात, सोमवार-मंगळवार रजा टाक. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. म्हणजे सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा, आणि दोन्हीकडे सुट्टीवाल्यांची झुंबड नाही. कैलास लेण्याच्या अंगणात मी निवांत हत्तीपाशी उभी राहून वर बघत होते, मान दुखेपर्यंत. धक्का मारून "मॅडम, फोटो काढू द्या" म्हणणारं कोणी नव्हतं.

वारीचं मात्र मला वाईट वाटलं होतं, आज सांगते. आळंदी ते पंढरपूर पायी, अडीचशे किलोमीटर, तीन आठवडे, ही माझ्या यादीतली सगळ्यात वरची गोष्ट. तुम्ही कालनिर्णय काढलंत. एकादशी 2023 ला 29 जून, पुढच्या वर्षी एकदम 17 जुलै. "तुमच्या ऑफिसचं तिमाही काम कुठल्या आठवड्यात असतं?" असं विचारून तुम्ही ती ओळ खोडलीत आणि वर लिहिलंत: पुणे ते सासवड, एक दिवस. मी दोन दिवस धुसफुसत होते. मग 2024 ला गेले. माउलींच्या पालखीबरोबर दिवेघाट चढले. तीस किलोमीटरच्या आसपासचा टप्पा, घाटात वारा नाही, पाय सुजलेले, आणि पुढची आजी डोक्यावर तुळस घेऊन माझ्या दुप्पट वेगाने चाललेली. सासवडला पोचल्यावर ओळखीदेखी नसलेल्या एका घराने पाय शेकायला कढत पाण्याची बादली दिली. पूर्ण वारी निवृत्तीनंतर करणारच आहे, पण त्या एका दिवसाला "अर्धवट" म्हणायची माझी तयारी नाही.

ज्ञानेश्वरीचं गणितही तुमचंच. अठरा अध्याय, महिन्याला एक, दीड वर्षात पूर्ण, असं मी सोयीने मांडलं होतं. तुम्ही पोथी उघडलीत. बारावा अध्याय अडीचशे ओव्यांचाही नाही, अठरावा अठराशेच्या वर. "थांबे मोजू नकोस, किलोमीटर मोज." सगळ्या मिळून नऊ हजारांवर ओव्या, रोज पंचवीस धरल्या तर वर्षभरात संपते. संपली. समजली किती हा वेगळा प्रश्न, तो तुम्ही कृपा करून विचारत नाही.

आणि रक्तदान. मी "दहा वेळा" लिहिलं होतं, आकडा गोल दिसतो म्हणून. बायकांना दोन रक्तदानांमध्ये चार महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं, म्हणजे वर्षाला तीनच, हे तुम्हाला माहीत होतं, कारण आगारातली शिबिरं तुम्हीच लावत होतात. तीन वर्षांत जास्तीत जास्त नऊ. तुम्ही लिहिलेत सहा. का, तर "गाडी पंक्चर होते." झालीच. पहिल्याच शिबिरात बोट टोचल्यावर त्या मुलीने मान हलवली. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली, घेता येणार नाही. तोंड पाडून घरी आले तर तुम्ही जिन्यातच भेटलात. "त्यासाठीच तीन फेऱ्या मोकळ्या ठेवल्यात. डॉक्टरकडे जा." गेले, गोळ्या घेतल्या, आहार सुधारला. सहा झाली, काका. सहावं कार्ड तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही नुसतं "हं" केलंत, पण आतून काकूंना हाक मारलीत ती मी ऐकली.

ज्या गोष्टींना शेवटच नव्हता त्यांना तुम्ही तो दिलात. "मोडी शिकणे" खोडून "पणजोबांचं खरेदीखत स्वतः वाचणे". "इंग्रजी सुधारणे" नुसतंच खोडलंत, आणि चांगलं केलंत. "कारवी फुललेली पाहणे" याच्यापुढे लिहिलंत: सात वर्षांनी एकदा, प्रत्येक डोंगराचं साल वेगळं, योग आला तर. पण रोज एक छोटं चित्र काढायचं, त्यावर तुम्ही फुली मारली होतीत, ते मी ऐकलं नाही. "रोज" म्हटलेली कुठलीच गोष्ट टिकत नाही असं तुमचं म्हणणं. माझी वही अजून चालू आहे. गेल्या आठवड्यातलं कुंडीचं चित्र बघा, तुमच्याच जिन्यातली आहे.

मुदत संपली. सगळ्या पन्नास झालेल्या नाहीत, हे तुम्हाला माझ्याआधी माहीत होतं. पोहणं राहिलं, हम्पी राहिली, आणखीही काही राहिलंय. नवी यादी करणार नाही, तेवढा दम नाही. उरलेल्यांच्या तारखा तेवढ्या घालून द्या.

एक काम मात्र तुमच्यावाचून अडलंय. इच्छापत्र लिहून तयार आहे. नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. एक ऑफिसातली मैत्रीण आहे, दुसरे तुम्ही. रविवारी अकराला या. चहा आधी देईन, सही नंतर घेईन.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची