खाणीचे आयुष्य आधी ठरवा

महोदय,

खनिजाचा साठा सापडला की तो किती मोठा आहे याचीच चर्चा होते. तो किती वर्षांत काढायचा, हा प्रश्न मागे पडतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ मध्येच दाखवले होते, की उत्खननाचा खर्च वजा जाता खनिजाचे मोल व्याजदराइतक्या वेगाने वाढणार असेल, तर ते जमिनीत ठेवणे तोट्याचे नसते. खाण अभियंते वापरतात तो टेलर यांचा ठोकताळा १० कोटी टन धातुकाच्या (ज्यातून धातू काढतात त्या खनिज दगडाच्या) खाणीला सुमारे २० वर्षांचे आयुष्य देतो, आणि साठा सोळापट झाला तरी ते केवळ दुप्पट होते. हा अर्थात पहिला अंदाज, निर्णय नव्हे.

मला खरी चिंता वाटते ती घाईची. वेगासाठी मोठा कारखाना उभारला, की त्याचे कर्ज फेडण्यासाठी उत्तम प्रतीचे धातुक आधी उपसले जाते, आणि त्यात मिसळून काढता आले असते असे हलक्या प्रतीचे धातुक परवडत नाही म्हणून कायमचे जमिनीत राहते. म्हणून खाणपट्टा देतानाच वार्षिक उत्खननाची मर्यादा आणि तिच्यामागचे गणित जाहीर करणे बंधनकारक असावे.

– एक वाचक